बेटाचं अर्धं राहिलेलं भाषण

आमच्या घरात शाली किती आहेत हे कुणी मला विचारू नये. दोन ट्रंका गच्च भरल्या आहेत आणि तिसरीची कडी लागत नाही. थंडीत एखादी अंगावर घ्यावी म्हटलं तर वारा आरपार जातो. त्या पांघरायच्या शाली नसतातच, फोटोत दिसायच्या असतात. नारळांचं त्यातल्या त्यात बरं, खोबरं तरी होतं. पण एकटा माणूस खोबरं खाऊन खाऊन किती खाणार?

ही माझी नोकरीची कमाई. मी भाषणं करीत होतो. पुढाऱ्याची नव्हेत, कीर्तनकाराचीही नव्हेत, निसर्गाची. सरकारी खात्यात प्रचाराचं काम होतं आणि शिरूर, दौंड हे दोन तालुके वाट्याला आले होते. गाडीत प्रोजेक्टर, पांढरा पडदा, वायरचं भेंडोळं आणि मी. निवृत्त झालो, खात्याची गाडी गेली, तरी बोलावणी येत राहिली आणि मी मोटरसायकलवर जात राहिलो. नाही म्हणायला मला जमत नाही. न्हावऱ्यात दोन खोल्यांत राहतो. मुलगी लग्न होऊन नाशकाला, बायको गेलेली. नाही म्हटलं तर आठवडाभर मी बोलायचं कुणाशी?

माझा ठरलेला विषय म्हणजे बेटावरचं जीवन. बेट म्हटलं की लोकांना समुद्र दिसतो, माड दिसतात. एका गावात तर फ्लेक्सवर माझ्या नावाखाली निळं पाणी आणि उडी मारणारा डॉल्फिन छापला होता. फ्लेक्सवाल्याकडं तेवढंच चित्र असणार, त्याला तरी काय बोलायचं? आमचं बेट भीमेतलं. दौंडच्या खालच्या अंगाला धरणाचा फुगवटा येतो आणि पावसाळ्यानंतर नदीचा पार दर्या होतो. संक्रांत झाली की पाणी मागं सरायला लागतं आणि मधोमध जमिनीची एक पाठ वर येते. पसरट, वाळू-खडीची, आणि मध्ये एक उंचवटा, जो कधीच बुडत नाही.

त्या उघड्या जमिनीवर उन्हाळ्यात पाखरं अंडी घालतात. टिटवी सगळ्यांना माहीत असते. तिच्या जोडीला नदीसुरय नावाचा एक राखी-पांढरा पक्षी असतो. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपटी. त्याला काड्या नकोत, कापूस नको. वाळूत पोट घासून खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, झालं घर. चारी बाजूंनी पाणी, त्यामुळं कुत्रं येत नाही, कोल्हा येत नाही. ऊन मात्र असं की अंडं उकडून निघावं. म्हणून ही पाखरं नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. हे सांगितलं की सभेतल्या बायका एकमेकींकडं बघतात. इतक्या वर्षांत हे वाक्य कधी वाया गेलं नाही.

बाकी बरंच वाया गेलं. गावातल्या भाषणाचं शास्त्र बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगतो. दिलेल्या वेळेला तिथं फक्त मी आणि माईकवाला असतो. तो ‘हॅलो, हॅलो’ म्हणत असतो आणि मी पडदा बांधत असतो. मग हळूहळू पाहुणे येतात. प्रतिमापूजन होतं. दीपप्रज्वलन होतं, आणि वारा असला की त्यातच काड्यापेटी संपते. मग प्रास्ताविक. प्रास्ताविक करणारे गुरुजी माझं निम्मं भाषण सांगून टाकतात आणि तेही चुकीचं. मग सत्कार. आधी माझा, मग अध्यक्षांचा, मग ज्यांचा केला नाही तर ते रुसतील अशांचा. हे सगळं उरकून मी उभा राहतो तोवर पोरं पेंगलेली असतात, बायांना चूल आठवलेली असते, आणि आयोजक माझ्या कानात सांगून जातो, “सर, आटोपशीर घ्या.” अहो, तुम्ही घेतलंत का आटोपशीर?

तरीही माणसं धरून ठेवायची माझी एक युक्ती होती. एक फोटो. मी स्वतः बेटावर काढलेला. पडद्यावर नुसती उघडी जमीन दिसायची. खडे, वाळू, माती. मी विचारायचो, “सांगा बरं, अंडी किती?” मग सभा जागी व्हायची. “सात!” “अकरा!” “ते कोपऱ्यातलं धरलं का?” मी सगळ्यांना ओरडू द्यायचो आणि मग म्हणायचो, “अहो, त्या लेंड्या हायेत मेंढरांच्या! अंडी तीनच.” असा हशा पिकायचा की अध्यक्षसुद्धा दचकून जागे व्हायचे. त्या हशावर मी नोकरी काढली असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी युक्ती माझी नव्हती. ती मालनची, माझ्या बायकोची. मुलगी मोठी झाल्यावर ती माझ्याबरोबर भाषणांना यायला लागली. पुढं खुर्ची दिली तरी बसायची नाही. सरळ शेवटच्या रांगेत जायची, बायकांच्याही मागं. तिथून ती मला खुणा करायची. हात कानाला लावला की आवाज पोचत नाही. पदर नीट केला की चाललंय, चालू द्या. आणि चपला शोधायला लागली की बास करा. एवढ्या मोठ्या सभेत मी एकट्या तिच्याशी बोलत असायचो आणि लोकांना वाटायचं, सर आमच्याकडं बघून बोलतात. भाषण कसं झालं हे मी परतीच्या वाटेवर कधी विचारलं नाही, ती आपणच सांगायची. आणि खरं सांगायची, हे वाईट.

ऐकणारे काय काय भेटतात! एका गावात अफवा उठली की मी बेटाचं अभयारण्य करायला आलोय आणि काठच्या जमिनी जाणार. भाषण बाजूलाच राहिलं, मी प्रोजेक्टर पोटाशी धरून देवळात बसलो. रांजणगावला एका कंपनीत सुरक्षा सप्ताहात बोलावलं होतं. कामगार हेल्मेट घालून ओळीनं बसलेले, बाहेर बस उभी. मला वाटलं, इथं कोण ऐकतंय. पण संपल्यावर एक बिहारी माणूस पुढं आला. म्हणाला, “साहब, हमारे यहाँ गंगाजी में दियारा निकलता है। वहाँ भी यही चिड़िया अंडा देती है। माँ उधर खीरा बोती थी, हमको उस तरफ जाने नहीं देती थी।” दियारा म्हणजे नदीतलं असंच बेट. मी विचारलं, घरी कधी गेला होतास?  तो पडद्यावरच्या पाखराकडं बघत म्हणाला, “एक बार और दिखाइए ना।” मी पुन्हा लावला फोटो. सगळे बसमध्ये चढले तरी आम्ही दोघं बघत उभे होतो. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न मारला आणि तो पळत गेला.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या भावाचं.

आम्ही निमोण्याकडचे धनगर. वडिलांची मेंढरं होती. वडील लवकर गेले आणि थोरल्या भावानं, गणपतदादानं, शाळा सोडून काठी हातात घेतली. मी शिकलो तो त्याच्या पायांवर. पुढं भावकीनं मेंढरं विकली, कुणी ऊस लावला, कुणी कांदा. दादानं मात्र भीमेच्या पलीकडच्या काठावर घर बांधलं आणि कळप ठेवला. संक्रांतीनंतर बेट वर आलं की उताराच्या, म्हणजे गुडघाभर पाण्याच्या, वाटेनं मेंढरं पाण्यातून बेटावर जायची आणि चरायची. पोरपणी मी भाकरी घेऊन जायचो तेव्हा आयुष्यातलं पहिलं सुरयाचं अंडं मला दादानंच दाखवलं होतं. “खाली बघून चाल की आंधळ्या,” असं म्हणून.

एरवी शिमग्याला गवत संपायचं आणि दादा निघायचा. पण ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी बाहेरचेही कळप यायचे आणि पार वैशाखापर्यंत बेटावरच असायचे. मग अंडी फुटायची. मी डोळ्यांनी बघितली होती. ते बोलणं माझं कामच होतं आणि मी ते बोललो. आज विचारलं तरी हेच सांगेन.

अलीकडच्या काठाला एक गाव आहे, बेट त्याच गावच्या हद्दीत येतं. तिथल्या देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम ठरला. शिखराला भोंगा बांधलेला, तोंड नदीकडं. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक अशी की शिमग्यापासून मिरग लागेपर्यंत बेटावर मेंढरं नकोत, पायाखाली अंडी जातात. आणि दुसरी अशी की तेवढे दिवस काठच्या शेतकऱ्यांनी आपापल्या रानात मेंढरं बसवावीत. आमच्याकडं ही जुनी पद्धत आहे. पीक निघालं की कळप रात्रीचा शेतात बसवतात. जमिनीला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य मिळतं. म्हणजे शेतकऱ्याचं साधतं, मेंढरांचं साधतं आणि पाखरांनाही शांतता मिळते. चांगलं जुळवून आणलं होतं मी.

पहिली गोष्ट सांगून झाली आणि लाईट गेली.

भोंगा बंद. अंधारात शेवटच्या रांगेत कुणीतरी मोबाईल लावला, त्या उजेडात मला मालन दिसली. हात कानाला लावलेला. मग दोन्ही हात हलवायला लागली. मी ओरडून बोलायला लागलो, घसा फुटला माझा. पुढच्या रांगेत बागाइतदार मांडी घालून बसले होते. त्यांना हवं ते त्यांनी ऐकलं होतं. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी आरोळी दिली, “भात झालाय, पंगत बसवा!” झालं. सभा उठली, पंगत बसली.

परत येताना मालन मागून म्हणाली, “निम्मं राहिलं हो तुमचं.”

“पुढच्या वेळी सांगू.”

“ज्यानं ऐकायला पायजे हुतं त्यो पलीकडच्या काठाला हाय,” ती म्हणाली.

गावानं ग्रामसभा घेतली. मेंढरं उसात शिरतात म्हणून बागाइतदारांचा राग जुनाच होता, त्यात त्यांना माझं भाषण मिळालं. ठराव झाला तो बारमाही बंदीचा. उताराच्या तोंडाशी बोर्ड लागला: ‘बेटावर मेंढ्या-शेळ्या नेण्यास सक्त मनाई.’ मी धावत गेलो. म्हटलं, शिमगा ते मिरग म्हणालो होतो मी! सरपंच म्हणाले, “सायेब, तेवढं लिहायला बोर्डावर जागा न्हाई. आन् तुमच्याच शब्दावर केलंय की आम्ही.”

दोन दिवसांनी दादा न्हावऱ्याला आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मालननं पाण्याचा तांब्या आणला. तिला म्हणाला, “पाणी नगं, बाय.” मग माझ्याकडं बघितलं.

“भोंग्यावर तुझा आवाज वळखला. तुझी वैनी म्हनली, आपला बाळू बोलतुया, ऐका. मेंढरं थांबवून हुबा ऱ्हायलो. मेंढरांच्या पायाखाली अंडी फुटत्यात म्हनलास. फुडं काय न्हाई.”

“दादा, लाईट गेली. पुढचं होतं ते—”

“लाईट तुझी गेली. रान माझं गेलं.” पायरी उतरून तो थांबला. “तुला शिकवला त्यो ह्याच्यासाठी व्हय रं?”

त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. किती ते मोजायचं मी सोडून दिलं. मालन गेली तेव्हा तो आला. खांदा दिला. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. दादा लिंबाखाली उभा राहिला, पटक्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. मला मालन गेल्याचं दुःख होतं, आणि त्या दुःखात हे एक. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली तो माणूस माझ्या दारातून असा गेला. घरात गेलो तर मालननं दादापुढं धरलेला तो तांब्या कोनाड्यात होता. बोलायला कुणीच नव्हतं.

भाषणं मी चालू ठेवली. फक्त शेवटच्या रांगेकडं बघायचं सोडलं. आवाज पोचतोय की नाही हे सांगणारं माणूस नसलं की बोलणारा एक तर फार ओरडतो नाहीतर फार हळू बोलतो. माझं दोन्ही व्हायचं.

बेटाचं काय झालं ते ऐका. बंदीनंतरचे पहिले उन्हाळे झकास गेले. सुरय वाढले, मी भाषणांत तसं छाती फुगवून सांगायचो. मग गवत वाढलं. मग वेडी बाभूळ रुजली. मग बेशरमाचं रान माजलं. सुरयाला उघडी जमीन लागते; अंड्यावर बसल्या जागेवरून चारी दिशांना दिसलं पाहिजे, शत्रू लांबून कळला पाहिजे. गचपणात तो बसत नाही. वर्षागणिक पाखरं घटली. एका चैत्रात मी दुर्बीण घेऊन सकाळभर काठावर बसलो. एकही नव्हतं. टिटवीसुद्धा ओरडली नाही. मला काही उमगेना. मेंढरं बंद, माणसं बंद, मग बिघडलं कुठं?

उमगलं ते भर सभेत. शिरूरच्या बाजूला एका गावात कार्यक्रम होता. नेहमीचा फोटो लावला, नेहमीचा प्रश्न विचारला. कुणीतरी ओरडलं, “नऊ!” मी नेहमीसारखं हसत तोंड उघडलं, “अहो, त्या लेंड्या—”

आणि पुढं बोलताच येईना. मी पडद्याकडं वळलो. आयुष्यभर तो फोटो दाखवला, पण अंड्यांच्या बाहेर मी कधी बघितलंच नव्हतं. सगळ्या जमिनीवर लेंड्या होत्या. उन्हानं वाळून फिकट पडलेल्या, महिना-दोन महिन्यांपूर्वीच्या. गवत मुळापर्यंत कुरतडलेलं. खुरांनी जमीन भुसभुशीत झालेली, आणि त्याच भुसभुशीत जागी पाखरानं पोट घासून खळगा केलेला. मेंढरं आधी येऊन, चरून, निघून गेली होती आणि मग पाखरू आलं होतं. ती जमीन उघडी ठेवली होती दादाच्या मेंढरांनी. लोक दर सभेत लेंड्या मोजून दाखवत होते आणि मी दर सभेत त्यांना हसत होतो.

मी गप्प उभा राहिलेला बघून आयोजकांना वाटलं, सरांच्या छातीत दुखतंय. मला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, आणि त्या गडबडीतही शाल घातली.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. ती अधूनमधून करायची, दादा रानात गेल्यावर. म्हणाली, “भावजी, मेंढरं विकायचं चाललंय. व्यापारी बघून गेलाय. पोरं रांजणगावला कंपनीत, कोन जानार मेंढरांमागं? आन् चरायला तरी कुठं ऱ्हायलंय?”

 एवढा एकच कळप त्या काठाला उरला होता. तो गेला की बेट संपलं, आणि दादाकडं जायचं निमित्तही संपलं. मी तसाच निघालो.

दादा ओट्यावर लोकर कातरत होता. मी समोर बसलो. त्यानं मान वर केली नाही. वहिनीनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं: फोटो, लेंड्या, गवत, पाखरं गेली ते. म्हटलं, दादा, संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत बेटावर मेंढरं पाहिजेत. विकू नकोस.

दादा वहिनीला म्हणाला, “त्याला म्हनावं, बोर्ड लावलाय तिथं.”

वहिनी माझ्याकडं वळली. “बोर्ड लावलाय म्हनत्यात.”

“ऐकलं मी, वहिनी. बोर्डाचं मी बघतो.”

“त्याला म्हनावं, माझ्या मेंढरांची बदनामी हितं घरात न्हवती झाली. साऱ्या नदीनं ऐकली.”

“अवो, त्ये समूर बसल्यात! मी काय तार ऑफिस हाय का?” वहिनी कावली.

दादानं कातर खाली ठेवली. तरी माझ्याकडं बघितलं नाही. “त्याला म्हनावं, ज्या भोंग्यानं ऐकलं त्याच भोंग्यानं सांग. कानात येऊन सांगू नगं. मग बघू व्यापाऱ्याचं.”

चहा मी पिऊन टाकला, गार झाला होता तरी.

अलीकडच्या गावात आता नवा सरपंच होता. आठवडाभर कंपनीत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी सरपंच. भला पोरगा. म्हणाला, “घेऊ की कार्यक्रम. विषय काय टाकू?” मी म्हटलं, “टाक, अर्धं राहिलेलं भाषण.” त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. या वेळी मी एक काम केलं. ट्रॅक्टरची बॅटरी आणवली आणि माईकवाल्याला बजावलं, लाईट गेली तरी भोंगा बंद पडता कामा नये. आणि सत्कार नको म्हणून सांगितलं. ते काही कुणी ऐकलं नाही.

कांद्याच्या लागणी चालू होत्या, माणसं थोडी होती. दादा नव्हता. त्याचे डोळे, त्याचा पटका गर्दीत शोधावा तर गर्दीच नव्हती. शेवटची रांग रिकामी. आवाज पोचतोय का हे विचारायचं कुणाला? मी पाण्यापासून सुरुवात केली, मग फोटो लावला आणि या वेळी अंडी विचारली नाहीत. म्हटलं, लेंड्या बघा. मग मागच्या वेळी राहिलेली दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिसरीही, जी तेव्हा मलाच ठाऊक नव्हती.

पुढच्या रांगेतले म्हातारे आप्पा, बागाइतदार, उठून म्हणाले, “म्हंजी तवा म्हनलात बंद करा, आता म्हनताय सोडा. पाखरांचं काय ते एक ठरलंय का न्हाई?”

“आप्पा, पाखरांचं तवाच ठरलं होतं. माझं निम्मं भाषण तुम्ही ऐकलंत आणि निम्म्या भाषणाला जेवायला गेलात.”

लोक हसले. आप्पाही हसले. बसता बसता म्हणाले, “शिमग्यानंतर माझ्या कांद्याच्या रानात बसवा म्हनावं मेंढरं. जमिनीला बरंच हाय.”

मग मी माईक तोंडाशी धरला आणि सभेकडं पाठ करून नदीकडं तोंड केलं. माईकवाला “सर, सर” करायला लागला. मी बोललो: “दादा, मी बाळू बोलतोय. त्या वेळी लाईट गेली आणि पुढचं राहून गेलं. ती पाखरं इथं येत होती ती तुझ्या मेंढरांमुळं. पहिलं अंडं मला तू दाखवलंस. मालन म्हणाली होती, निम्मं राहिलं म्हणून. ते आज सांगितलं. तू ऐकतोयस का ते मला हितनं दिसत नाही.” आणखी काहीतरी बोलणार होतो, पण तेवढ्यात भोंगा खरखरला. मी खाली बसलो. शाल, नारळ घेऊन घरी आलो. तिसऱ्या ट्रंकेवर ठेवली ती शाल.

गावानं बोर्ड काढला नाही. खाली बारीक अक्षरात ‘शिमगा ते मिरग’ एवढं रंगवून घेतलं. जागा निघाली म्हणायची.

पाखरांचं आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला टांगणी नको. यंदाच्या चैत्रात सुरयाच्या थोड्या जोड्या बेटावर बसल्या. परत आल्या असं म्हणायला अजून दोन-तीन उन्हाळे जावे लागतील. आणि दादा अजून माझ्या घरी आलेला नाही.

पण संक्रांतीनंतर एका सकाळी मी अलीकडच्या उतारानं बेटावर गेलो होतो. पाणी ओसरून बेट वर आलं होतं. दादा आपल्या बाजूनं मेंढरं पाण्यात घालत होता. हातात कोयता; वाटेतलं बेशरम तोडत, मेंढरांना दम देत तो पुढं येत होता. वय झालंय त्याचं. पाण्यात पाय जड पडत होते. मी बेटाच्या कडेला उभा राहिलो. हाक मारायचं धाडस होईना.

कळपातली पुढची मेंढी वाट सोडून खोलाकडं निघाली आणि चार-पाच तिच्या मागं वळल्या.

“बाळू!” दादा ओरडला. “बघत काय हुबा ऱ्हायलास? त्या म्होरलीला वळीव की! खोलात जाईल!”

मी चपलांसकट पाण्यात शिरलो. वळवली कशीबशी. कळप बेटावर चढला आणि खाली मान घालून खायला लागला. आम्ही दोघं उंचवट्यावर बसलो, ओल्या कपड्यांनी, धापा टाकत. दादानं चंची काढली, तंबाखू मळली. चिमूट माझ्याकडं धरली. मी खात नाही हे त्याला माहीत आहे, तरी धरली. मी घेतली.

देवळाच्या भोंग्याकडं बघत तो म्हणाला, “त्या दिशी.”

“काय, दादा?”

“आवाज येत हुता. शेवटपातूर येत हुता.”